दिवा कोणाच्या हाती?

आपल्या पूर्वजांस कोकणात 'शनिवार तेली' या नावाने ओळखीत असत, हे या पत्रिकेच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, एवढाच त्या नावाचा सरळ अर्थ. परंतु त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि तिकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तेल गाळणारा हा गावाच्या उजेडाचाही कारभारी असतो. विजेचे खांब येण्यापूर्वी कोकणात जो दिवा जळे, त्यातले तेल पुष्कळदा कुठल्या तरी जवळच्याच घाण्यावरचे असे. वात केव्हा सारावयाची, दिवा केव्हा लावावयाचा आणि केव्हा मालवावयाचा, हे ठरविणारी माणसे त्याच घरात राहत असत. दिव्याने घराबाहेरच्या कोणाला काही विचारावे, ही कल्पनाही कोणास शिवली नसती.

आज दिव्यांच्या दुकानात गेले असता निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. 'स्मार्ट' म्हणविणारे बल्ब मोबाइलवरून लागतात, रंग बदलतात, मंद होतात, सूर्यास्ताची वेळ जाणतात आणि घरातल्या वायफायच्या जाळ्यात एखाद्या कुटुंबीयासारखे नाव नोंदवून बसतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी नातवंडांनी ते आणून लावले आहेत. प्रस्तुत लेखकाने इस्राएलमध्ये सारे आयुष्य विजेच्या कामात घालविले. त्यामुळे 'कोणता बल्ब घ्यावा?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तथापि या प्रश्नाचा मुळापासून विचार करण्याची पाळी माझ्यावर आली ती सौदी अरेबियात राहणाऱ्या एका माणसामुळे.

आमचे गाव रेवदंड्याजवळचे. आमच्या घराला लागून एका कोकणी मुसलमान कुटुंबाचे घर होते. मध्ये गडगा होता, पण तो कोंबड्यांसाठी. माणसांना त्याची अडचण कधी झाली नाही. १९७१ साली आम्ही आलिया करून इकडे आलो. पुढे १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत पैशाचा पूर आला आणि रायगड-रत्नागिरीच्या मुसलमान वस्त्यांतील तरुण जेद्दा, रियाध, दम्माम अशी नावे घेऊ लागले. एकाच पाणंदीतून निघालेल्या दोन वाटा! एक वाट आम्हांस नेगेवच्या वाळवंटात घेऊन आली, दुसरी त्यांना अरबस्तानच्या वाळवंटात घेऊन गेली. आमचे तेल घाण्याचे, त्यांचे विहिरीचे, एवढाच फरक.

त्या शेजाऱ्यांचा मुलगा आज दम्माममध्ये एका कारखान्यात नोकरीस आहे. तो मला चाचा म्हणतो. पूर्वी त्याची बायकामुले तेथेच होती. २०१७ च्या जुलैपासून सौदी सरकारने परदेशी नोकरदारांच्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल कर बसविला आणि तो दरवर्षी वाढवीत २०२० पर्यंत ४०० रियालांवर नेला. त्या ओझ्याखाली किती कोकणी बिऱ्हाडे मोडली, ते पनवेलपासून खाली रत्नागिरीपर्यंत कोणीही सांगेल. याचीही बायकामुले परत आली आणि मुलांच्या शिक्षणासाठी पनवेलला राहिली. त्याची आई, आमची भाभी, मात्र गाव सोडावयास तयार नाही. पंचाहत्तरी उलटलेली ही बाई त्या मोठ्या घरात एकटी असते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि तालुक्याचे तालुके कित्येक दिवस अंधारात राहिले, तेव्हाही ती तेथेच होती. आठवडाभर मुलाला आईचा आवाज ऐकावयास मिळाला नाही. त्या आठवड्याची धास्ती त्याच्या मनातून अद्याप गेलेली नाही.

गेल्या वर्षी त्याचा मला निरोप आला. दम्मामच्या बाजारात स्मार्ट बल्ब स्वस्तात निघाले आहेत, डझनभर घेऊन सुटीत गावी न्यावे आणि साऱ्या घरात लावावे, म्हणजे रोज तिन्हीसांजेला तेथून बोट दाबून आईच्या ओटीवर आपणच दिवा लावू, असा त्याचा बेत होता. 'चाचा, कोणते घेऊ?' एवढाच त्याचा प्रश्न. त्याच्या प्रश्नात बल्ब थोडा आणि काळजी फार होती, हे मला दिसत होते. तरीही विचारले ते बल्बाचे, म्हणून प्रथम उत्तर बल्बाचेच दिले.

सौदी अरेबियाच्या विजेचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. तेथे घरांना १२७ आणि २२० असे दोन प्रकारचे व्होल्ट मिळत; एकाच घरात दिव्यांना एक आणि थंड हवेच्या यंत्राला दुसरा, अशी वाटणी असे. २०१० साली तेथील मंत्रिमंडळाने हे बदलून २३० व्होल्टचे प्रमाण टप्प्याटप्प्याने आणण्याचा निर्णय घेतला. परंतु जुन्या इमारतींतील तारा एका दिवसात बदलत नाहीत. म्हणून मी त्याला सांगितले, बल्बावरचे बारीक अक्षर आधी वाच. १०० ते २४० व्होल्ट असे छापले असेल तर तो दोन्हीकडे चालेल. २२० ते २४० असेल तर १२७ च्या तारेवर तो मिणमिणेल, फडफडेल किंवा लागणारच नाही. सौदीची वीज ६० आवर्तनांची, भारताची आणि इस्राएलची ५० ची. एलईडीला त्याचे फारसे सोयरसुतक नसते, तरी ५० आणि ६० हे दोन्ही आकडे खोक्यावर असावेत. आणि कोकणातील घरात होल्डर असतो तो पिनांचा. आट्यांचा बल्ब तेथे बसणार नाही. डझनभर बल्ब समुद्रापार न्यावयाचे आणि ते होल्डरात बसू नयेत, याहून मोठी फजिती कोणती?

दुसरी गोष्ट उष्णतेची. एलईडीचा उजेड देणारा भाग सहसा लवकर मरत नाही. मरतो तो बल्बाच्या मानेत दडलेला विजेचा लहानसा संच. त्यातील कपॅसिटर उष्णतेचा शत्रू आहे. उष्णता दहा अंशांनी वाढली की त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. दम्मामचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. अशा ठिकाणी अंगणातील बंद काचेच्या गोळ्यात महागडा बल्ब कोंडणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवण्यासारखेच. आपल्या बेर शेवा, दिमोना, येरुहाम येथील वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट उजेडाची. जुन्या ६० वॉटच्या दिव्याइतका उजेड हवा असेल तर ८०० ल्युमेन शोधावे. ते आता ९ वॉटच्या आसपास मिळतात. रंग केल्विनमध्ये मोजतात. २७०० म्हणजे कंदिलाचा पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे ट्यूबलाइटचा पांढरा. आपल्या लोकांना पांढरा उजेड श्रीमंतीचा वाटतो, हे मी जाणतो. पण निजण्याच्या खोलीत पिवळाच बरा.

विजेच्या बचतीबद्दल मात्र फार आशा बाळगू नये. स्मार्ट बल्ब मालविला तरी त्याचे कान उघडे असतात आणि त्यासाठी तो सुमारे अर्धा वॉट वीज खात राहतो. वर्षाला एका बल्बाचे सुमारे ४.४ युनिट झाले. सौदीत २०१८ साली ठरलेल्या १८ हलालांच्या दराने दहा बल्बांचे वर्षाचे आठ रियालही होत नाहीत. रक्कम क्षुल्लक आहे. पण 'स्मार्ट' शब्दाने पैसे वाचतात, हा समज काढून टाकावा. पैसे वाचतात ते एलईडीने, आणि साधा एलईडीही तेवढेच वाचवितो.

आता जाळ्याकडे वळू. हे बल्ब मुख्यतः दोन जातींचे असतात. एक जात घरातील वायफायशी थेट बोलते. तिला निराळे यंत्र लागत नाही, म्हणून ती स्वस्त पडते. पण घरातला स्वस्त राउटर अशा वीस-पंचवीस पाहुण्यांनी दमून जातो. शिवाय हे बल्ब बहुधा राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावरच चालतात, आणि मोबाइल दुसऱ्या पट्ट्यावर असला की बल्ब सापडत नाही म्हणून माणूस तासभर डोके फोडून घेतो. दुसरी जात झिगबीसारखी निराळी भाषा बोलते. तिला एक लहान पेटी लागते, परंतु प्रत्येक बल्ब शेजारच्या बल्बाला निरोप पुढे पोहोचविण्यास साहाय्य करतो. जाड भिंतींच्या घरात, मग ते दम्मामचे असो की दिमोनाचे, हीच जात अधिक भरवशाची. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' नावाचे एक सामाईक प्रमाण निघाले, त्यामुळे एका कंपनीचा बल्ब दुसऱ्या कंपनीच्या पेटीशी बोलू शकतो आणि तेही घरातल्या घरात. खोक्यावर ते चिन्ह असल्यास उत्तम.

'घरातल्या घरात' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. कित्येक बल्बांचा प्रकार असा असतो, की तुम्ही ओटीवर उभे राहून मोबाइलवर बोट दाबता, तुमचा हुकूम समुद्रापलीकडच्या कोणा कंपनीच्या यंत्राकडे जातो, तेथून परत येतो आणि मग चार हातांवरचा दिवा लागतो. ती कंपनी उद्या बुडाली तर? ही कल्पनेची भीती नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतील 'इन्स्टिऑन' या कंपनीची यंत्रे पूर्वसूचनेशिवाय बंद पडली आणि तिच्या ग्राहकांच्या घरचे दिवे मोबाइलला उत्तर देईनासे झाले. पुढे ग्राहकांतीलच काही जणांनी ती कंपनी विकत घेऊन यंत्रे पुन्हा सुरू केली, म्हणून निभावले.

दुसरे उदाहरण तर आपल्या अंगणातले आहे. २०१६ साली रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतील एयाल रोनेन व आदी शामीर आणि त्यांचे कॅनडातील सहकारी यांनी एक प्रयोग केला. त्यांनी एक लहानसे ड्रोन बेर शेवातील एका कचेरीच्या इमारतीपुढे उडविले आणि आत प्रयोगासाठी लावलेले फिलिप्स कंपनीचे बल्ब बाहेरूनच ताब्यात घेतले. ते बल्ब उघडझाप करीत मोर्सच्या भाषेत 'वाचवा' असा पुकारा करू लागले! एका बल्बाचा रोग शेजारच्या बल्बाला लागून साऱ्या शहरभर पसरू शकेल, हे त्यांनी दाखवून दिले. कंपनीला आधीच कळविले असल्याने तो दोष दुरुस्तही झाला. यावरून घ्यावयाचा धडा इतकाच, की ज्या कंपनीकडून दुरुस्त्या नियमित येतात तिचाच बल्ब घ्यावा, पेटीचा मूळ परवलीचा शब्द बदलावा, आणि निनावी स्वस्त माल घरच्या जाळ्यात घेऊ नये.

हे सारे मी त्या मुलाला लिहून कळविले आणि शेवटी म्हटले, 'बाळा, डझन नको, एकच घे. तोही भारतात घे, पिनांचा घे, आणि ओटीवर लाव.' त्याने ते मानले.

बल्ब लागला. पहिल्याच आठवड्यात एक प्रकार घडला. दम्माममध्ये संध्याकाळचे सात वाजले होते, म्हणजे गावी साडेनऊ. मुलगा कामावरून खोलीवर आला, मोबाइल पाहतो तो आईचा दिवा 'उत्तर देत नाही'. त्याच्या छातीत धस्स झाले. आईचा फोन लागेना. त्याने शेजाऱ्यांना फोन केले, दोन माणसे कंदील घेऊन धावली, दार ठोठावले, आणि भाभी डोळे चोळत बाहेर आली. झाले होते एवढेच, की निजण्यापूर्वी तिने साठ वर्षांच्या सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले होते. वीजच तोडल्यावर बल्ब बिचारा काय उत्तर देणार?

मुलाने मला लिहिले, 'चाचा, बटणावर चिकटपट्टी लावून टाकू का? सगळे तसेच करतात.' खरे आहे, अनेक घरांत तसेच करतात. स्मार्ट बल्ब जागा राहावा म्हणून भिंतीवरच्या बटणाला कायमचे बांधून ठेवतात. मी त्याला म्हटले, की ज्या बाईने त्या घरात साठ वर्षे तिन्हीसांजेचा दिवा लावला, तिच्या हातातून तो काढून घेऊ नकोस. ती एकटी राहते याचे कारण तिला अजून ते घर आपले वाटते. आणि घर आपले वाटते याचे कारण तिने हात लावला की तेथला दिवा लागतो. उद्या दिवा आपणहून लागू लागला आणि आपणहून मालवू लागला, तर ती त्या घरातली पाहुणी होईल.

मग आम्ही व्यवस्था उलटी केली. बल्बाच्या मांडणीत 'वीज परत आल्यावर काय करावे' असा एक पर्याय असतो. तो 'लागावे' असा ठेवला. म्हणजे भाभीने बटण दाबले की तो कोणत्याही साध्या दिव्यासारखा लागतो. त्याला वायफाय लागत नाही, मोबाइल लागत नाही, दम्माम लागत नाही. तो लागला की थोड्या वेळाने जाळ्यात आपली हजेरी लावतो आणि मुलाला कामावर असतानाच, दुपारी चारच्या सुमारास, गावी तिन्हीसांज झाल्याचे कळते. साडेनऊला ती बटण बंद करते आणि त्याच्या मोबाइलवरून दिवा नाहीसा होतो. जे पाहून त्या रात्री त्याची पाचावर धारण बसली होती, तेच पाहून आता तो म्हणतो, 'अम्मी निजली.' आणि मग स्वतः जेवावयास बसतो.

अर्थात, गावची तार तुटली किंवा राउटर बंद पडला तरी दिवा मोबाइलवरून नाहीसा होतोच. म्हणून भलत्या वेळी तो गेला, तर प्रथम आईला आणि मग शेजाऱ्यांना फोन करावयाचा, असे ठरले आहे. रोजचा फोन तर सुटलेला नाहीच. दिव्याची खूण ही फोनच्या जागी नसून फोनच्या जोडीला आहे, हे मी त्याला बजावून ठेवले आहे.

मी सौदी अरेबियात पाऊल ठेवलेले नाही. परंतु २०१८ च्या मार्चपासून एअर इंडियाचे दिल्ली-तेल अवीव विमान त्या देशाच्या आकाशातून जाऊ लागले आणि एकदा भारतातून परतताना मीही त्या वाटेने आलो. रात्री खाली मैलोगणती काळोख आणि मध्येच दिव्यांचा एखादा पुंजका. त्यातला कोणता दम्मामचा, हे मला ओळखता आले नाही. एवढे मात्र वाटले, की त्या प्रत्येक पुंजक्यात कोणी तरी आपल्या दूरच्या घरी दिवे लागले असतील का, याचा विचार करीत असेल.

आता आपल्या घरांविषयी दोन शब्द. सौदीने २०१३ साली आठवड्याची सुटी बदलून शुक्रवार-शनिवार केली, तेव्हा तो मुलगा मला गमतीने म्हणाला होता, 'चाचा, आता आम्हीही शनिवार तेली झालो.' गंमत बाजूस ठेवली तरी एका गोष्टीत आपण आणि ते खरोखरच सारखे आहोत. त्यांची नमाजाची आणि आपली शब्बाथची वेळ सूर्यावर चालते, घड्याळावर नव्हे. आपले जुने शब्बाथचे घड्याळ दर आठवड्याला हाताने सरकवावे लागते आणि वीज गेली की मागे पडते. सूर्यास्ताची वेळ जाणणारा बल्ब तेथे खरोखर उपयोगी आहे. मात्र तो घेताना चार गोष्टी पाहाव्यात. वेळापत्रक त्याच्या स्वतःच्या किंवा घरातील पेटीच्या स्मरणात राहत असावे. इंटरनेट गेले म्हणून शब्बाथच्या रात्री घोटाळा होऊ नये. वीज जाऊन परत आली असता तो पूर्वी होता त्याच स्थितीत यावा, नाही तर मध्यरात्री दोन वाजता सारे घर लख्ख उजळेल आणि कोणाला बटणास हात लावता येणार नाही. माणसाची चाहूल लागून पेटणारे आणि आवाज ऐकून हुकूम मानणारे प्रकार शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी बंद करावेत. आणि चौथे, शहर व उन्हाळी वेळ अचूक नोंदलेली असावी. धर्माचा निर्णय ज्याने त्याने आपल्या रब्बींना विचारावा. मी केवळ तारा जोडणारा माणूस आहे.

आपली मुले आज हैफा, तेल अवीव, लंडन, टोरांटो अशी पांगली आहेत आणि आईवडील दिमोना, अश्दोद, लोद येथील घरांत एकटे आहेत. मुलांच्या मनात काळजी असते आणि काळजीपोटी ती नवनवी यंत्रे पाठवितात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की दिवा घेताना त्याचे रंग किती, हे शेवटी विचारा. इंटरनेट बंद असताना भिंतीवरच्या बटणाने तो लागतो का, हे पहिल्यांदा विचारा. दुरून पाहण्यास जाळे लागले तर लागो. दिवा लावण्यास ते लागता कामा नये. शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्यांपुढे हात धरून बेराखा म्हणणारी आपल्या घरातली आई, ही त्या घरच्या उजेडाची मालकीण आहे. तिचा अधिकार कोणत्याही पेटीकडे जाऊ देऊ नये.

परमेश्वर आपणां सर्वांच्या घरी, आणि जेथे जेथे आपले जुने शेजारी पांगले आहेत त्यांच्याही घरी, दिवा तेवत ठेवो. शालोम.